गावाला वळसा

पठार एकच होतं, पण तिघा भावंडांच्या डोक्यात ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी होतं, आणि कॅम्पर गाडी तर ठरवूनही झाली होती. चपला घालून झाल्या, दाराला कुलूप लागलं, आणि मग एकमेकांना विचारायचं, जायचंय कुठे? अशातली ती गत.

मधली जेवणाच्या टेबलाशी उभी राहून हा तमाशा बघत होती. टेबल तिचं आणि घरही तिचंच. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खालून दिवसभर इस्त्रीच्या वाफेचा ओलसर वास. तिथे ती आणि आई राहायच्या. मधली शाळेची बस चालवायची. बसभर पोरांचा कलकलाट कानाआड करून गाडी सरळ हाकायची तिला सवय होती, पण आपल्या सख्ख्या भावंडांपुढे तिचे हात टेकले होते.

"उत्तरेचा कडा," दादाने नकाशावर बोट आपटलं. "सकाळी गाडीचं दार उघडलं की ऊन डाव्या हाताला असायचं. मला पक्कं आठवतंय."

दादा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. टाक्या, नळ, चर, कुंपणं. इतकी वर्षं तेच केल्यामुळे जगातली कुठलीही जागा आपल्याला विचारल्याशिवाय हलत नाही, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

"ऊन गेलं उडत," धाकटी म्हणाली. "धबधबा कुठे आहे ते बघ. रात्रभर त्याचा आवाज यायचा." धाकटी केस कापायच्या दुकानात होती आणि तिची जीभही कामावरून सुटल्यावर म्यान होत नसे. "आणि ते जनावर! दुपारी एकदाच ओरडायचं, असं लांबलचक. मी आईला घट्ट धरून बसायचे."

"रोज? दुपारी?" मधलीने विचारलं.

"रोज. जेवायला बसलो की."

"फारच वक्तशीर जनावर होतं बाई."

"कर चेष्टा. तू तर झोपलेली असायचीस."

मधली झोपलेली नसायची. तिला आठवत होता तो किल्ला. एक गोल दगडी भिंत, उंच, शेवाळलेली. उन्हात खेळून आलं की तिला पाठ लावून बसायचं, पाठीला गारवा लागायचा. शाळेत 'माझा आवडता प्रवास' लिहायला सांगितला की तिने दर वर्षी तीच भिंत लिहिली होती, आणि बाईंनी दर वर्षी तिला शाबासकी दिली होती.

तर उत्तरेचा कडा, धबधबा, किल्ला आणि घड्याळ लावून ओरडणारं जनावर. ह्या सगळ्याला कवेत घेणारं एक जंगलातलं पठार नकाशात सापडायला हवं होतं, आणि ते सापडत नव्हतं. तीन तिघाडा, काम बिघाडा.

एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत होतं, ते म्हणजे बाबांची गाडी. बाबा फर्निचरच्या दुकानाची गाडी चालवायचे. मागे भलीमोठी बंद पेटी, खिडकी म्हणून नाही. वर्षातून एकदा दुकान मालमोजणीसाठी बंद असायचं, तेव्हा मालक ती गाडी बाबांना वापरायला द्यायचे. बाबा मागच्या पेटीत गाद्या अंथरायचे, छताच्या कडीला एक बॅटरी टांगायचे, आणि पहाटे तिन्ही पोरांना उचलून आत ठेवायचे. आई पुढे, बाबांच्या शेजारी. मग तासन् तास प्रवास. वळणं, वळणं आणि वळणं. मध्येच बाबा पत्र्यावर थाप मारून ओरडायचे, "चढण लागली! कानांना दडे बसले का?" की लगेच तिघांच्याही कानांना दडे बसायचे. त्यानंतर जंगलाची चौकी. गाडी थांबायची आणि एक पहारेकरी घोगऱ्या आवाजात दरडावायचा, "कोण आहे गाडीत? किती डोकी?" आत तिघंही श्वास रोखून बसायची. बाबा अगदी नरमाईने म्हणायचे, "पोरं आहेत साहेब, पठार बघायचंय." पहारेकरी खोकायचा, थुंकायचा, आणि खूप वेळाने म्हणायचा, "जाऊ द्या."

तो पहारेकरी म्हणजे त्यांच्या लहानपणाचा राक्षस आणि देव, दोन्ही. अजूनही घरात कुणी आडमुठेपणा केला की दुसरा घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "किती डोकी?"

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. इतक्या काळात पठाराची आठवण सगळ्यांनी काढली, पण जाऊया असं कुणी म्हटलं नव्हतं. ते म्हटलं आईने. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत येताना, बसथांब्यावर. आईची नजर कडेकडेने विझत चालली होती. समोरचं दिसायचं, पण जसं काही नळीतून बघावं तसं. टेबलावरचा पेला शोधायला तिला मान इकडून तिकडे फिरवावी लागायची. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वर्षी ह्या दिवसांत उजेड आणि अंधार एवढंच कळेल, ह्यावर उपाय नाही. थांब्यावर आईने येणाऱ्या बसची पाटी वाचून बघितली. मग म्हणाली, "मला एकदा पठार बघायचंय गं."

झालं. शाळेला सुट्टी लागल्याबरोबर मधलीने कॅम्पर ठरवली. दादाने रजा टाकली, धाकटीने दुकानात बदली बाई दिली. आणि आता घोडं पेंड खात होतं ते एवढ्यावरच, की कुठलं पठार.

"आईलाच विचारूया ना," धाकटी म्हणाली. हेही काही पहिल्यांदा म्हटलं गेलं नव्हतं.

आई खिडकीशी मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. एक मोजा डोळ्यांसमोर धरायचा, मग दुसरा.

"आई, गाव संपल्यावर बाबा डावीकडे वळायचे की उजवीकडे?"

"वळायचे खरं," आई म्हणाली.

"अगं पण कुठे?"

"मला कुठे रस्त्यातलं कळतं? तुम्ही तिघं एवढी शिकलेली. बघा की." आणि तिने मोज्यात मोजा खुपसला.

आठवडाभर हेच चाललं होतं. आई ताकास तूर लागू देत नव्हती. धबधब्याचं विचारलं की म्हणायची, पाणी होतं बाई. किल्ल्याचं विचारलं की म्हणायची, भिंत होती. दादाला वाटायचं, आईला आता आठवत नाही. धाकटीला वाटायचं, आईला जायचंच नाहीये, आपल्या आग्रहाखातर हो म्हणाली. मधलीला काय वाटत होतं ते तिचं तिलाच कळत नव्हतं. जिने स्वतःच्या तोंडाने मागितलं तीच पाय मागे का घेते आहे?

शेवटी मधलीने वनखात्याच्या चौकीला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

"धबधबा आहे ना, पश्चिमेला आहे," पलीकडचा माणूस म्हणाला. "जुना किल्ला आहे, तो पूर्वेला. मध्ये सगळं जंगल."

"दोन्ही एका जागी नाहीत?"

"असते तर आम्हालाही बरं झालं असतं, बाई."

"आणि उत्तरेच्या कड्यावर?" दादा पुढे वाकून म्हणाला.

"तिथे गाडी जात नाही. कधीच जात नव्हती."

दादाचा चेहरा पडला. धाकटी म्हणाली, "तुमच्याकडे एक पहारेकरी होते बघा. घोगऱ्या आवाजाचे. फाटकावर. आता निवृत्त झाले असतील."

"फाटक?" माणूस म्हणाला. "फाटक तर माझ्यासमोर बसलं, फार वर्षं नाही झाली. त्याआधी रस्ता मोकळाच होता. कुणी काही विचारायचं नाही."

फोन ठेवल्यावर तिघंही एकमेकांकडे बघत राहिली. 

"हा नवीन माणूस आहे. ह्याला काय माहीत?" दादा म्हणाला.

"आपण दुसऱ्याच कुठल्या राज्यात जात होतो की काय?" धाकटी म्हणाली.

आई उठून मोजे कपाटात ठेवायला आत गेली. तिने कपाटाचं दार जरा जास्तच जोरात लावलं.

दुसऱ्या दिवशी कॅम्पर आली. मधली एकटीच ती आणायला गेली होती. शाळेच्या बसपेक्षा लहान, पण बेढब. आत दोन बाकं, एक शेगडी, नळाचं बेसिन आणि खिडक्यांना जाड पडदे. देणाऱ्याने पाच मिनिटांत सगळं समजावलं, त्यातलं मधलीला निम्मं कळलं. अवजड गाडी हातात बसावी म्हणून दुपारी तिने एक फेरी मारायचं ठरवलं.

"मी येते," आई म्हणाली आणि कुणी हात द्यायच्या आत पुढच्या सीटवर चढून बसलीसुद्धा.

गावात गर्दी होती, म्हणून मधलीने गाडी पाण्याच्या जुन्या टाकीच्या टेकडीकडे घेतली. तिथे टेकडीला वेढा घालत जाणारा अरुंद रस्ता होता, रहदारी नाही, वळणं भरपूर. दोन्ही बाजूंनी खात्याने कधीतरी लावलेली दाट झाडी. वळणांचा सराव करायला ह्याहून बरी जागा नव्हती. ती इकडे ह्याआधी फारशी कधी आली नव्हती. त्यांचं जुनं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि शाळेची बस काही टेकडीवर जात नव्हती.

पहिल्या फेरीत आई गप्प होती. दुसऱ्या फेरीत ती खिडकीच्या काचेला कपाळ लावून बसली. तिसऱ्या फेरीला, जिथे रस्ता जरा रुंद होतो तिथे, मधलीने गाडी हळू केली. आणि शेजारून कुणीतरी दरडावलं.

"कोण आहे गाडीत? किती डोकी?"

मधलीचा पाय ब्रेकवर गेला. मागे शेगडीवरचं भांडं घरंगळत दारापर्यंत गेलं. तिने मान वळवून बघितलं. शेजारी आईच होती. एवढीशी, थकलेली, मांडीवर हात ठेवून बसलेली. आणि तो आवाज तिच्या तोंडातून आला होता. तोच आवाज, तोच खोकला.

"आई?"

"आता पूर्वीसारखा नाही जमत," आई म्हणाली, आपल्या नेहमीच्या आवाजात. "तेव्हा गळा चांगला होता. तुझे बाबा तर हसू आवरायला स्टिअरिंग चावायचे."

मधलीने इंजिन बंद केलं. झाडीतून वरची टाकी दिसत होती. गोल, दगडी, शेवाळलेली.

तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं आणि सगळ्यात आधी हसू फुटलं, आणि ह्या तिन्हींत ती नुसती तोंड उघडं टाकून बसली. आई बोलत होती. पहिल्या वर्षी मालकाने गाडी दिली होती, पण गावाबाहेर न्यायची नाही ह्या अटीवर, आणि ती अट सांगितली कधी, तर आदल्या संध्याकाळी. तोवर बाबांनी पोरांना पठार कबूल करून टाकलेलं. पोरं गाद्यांवर उड्या मारतायत. "मग हे म्हणाले, चल, फिरवून आणतो. फिरफिर फिरलो गं आम्ही. ह्याच टेकडीला. तेव्हा कुंपण नव्हतं. पलीकडे सगळं गाव दिसायचं, म्हणून तुम्हाला टाकीच्या भिंतीच्या अलीकडेच ठेवायचं. धबधबा म्हणजे टाकी भरली की वाहायची तो."

"आणि जनावर?"

"कारखान्याचा भोंगा. जेवणाच्या सुट्टीचा. बंद पडला तो कारखाना."

"आणि आम्हाला कधी सांगितलं नाहीत? आम्ही शाळेत निबंध लिहिलेत, आई! दादा अजून लोकांना सांगतो, आमच्या बाबांनी दर वर्षी..." मधलीचा आवाज चिरकला. तिला राग आला होता, खरोखरचा. आपल्या पाठीचा तो गारवासुद्धा आता खोटा म्हणायचा की काय?

"पुढच्या वर्षी सांगणार होतो," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी मालक म्हणाला, ने कुठे न्यायची ती. हे किती खूश झाले. तुम्हाला म्हणाले, चला, ह्या वेळी आणखी लांब, नवीन ठिकाणी. तर तुम्ही तिघांनी भोकाड पसरलं. तेच पठार हवं. तोच पहारेकरी हवा. मग काय करणार? पुन्हा आपलं काखेत कळसा नि गावाला वळसा."

मधलीला आता एक एक आठवत होतं. बाबा कधीच नकाशा का बघत नसत. परतीचा प्रवास नेहमी अंधार पडल्यावरच का व्हायचा.

"तुझ्या दादाने नोकरीला लागल्यावर पहिला नकाशा ह्याच टाकीचा काढला. कुंपण घालायचं होतं म्हणून. बाबांना आणून दाखवला. बाबा किती वेळ बघत बसले. मग म्हणाले, झाडं राहू दे म्हणावं."

 मग मधलीने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं. "म्हणजे तू पठार..."

"मी कुठे बघितलंय?" आई म्हणाली. "यांनीही नाही बघितलं. गाडीची नोकरी सुटली, मग ते आजारी पडले, राहूनच गेलं. मी पठार ऐकलंय ते तुमच्याच तोंडून. जेवताना तुम्ही तिघं सांगायचात ना, एकावर एक, ऊन असं नि वारा तसा. मी नि हे ऐकत बसायचो. एवढं ऐकलं की वाटायचं, एकदा जाऊन बघावं बाई, काय आहे ते." तिने मान जराशी वळवली, मधलीचा चेहरा नळीत सापडेपर्यंत. "आता डोळे राहिलेत तोवर. पण त्या दोघांना सांगू नकोस. दादाला तर नाहीच. बापाची एवढी एकच बढाई मारतो तो."

"अगं पण ती दोघं जागा मागतायत. मी कुठली जागा दाखवू?"

"ते मला काय विचारतेस? जिथून लांबवर दिसतं, तिथे ने. कडेचं मला नाही दिसत, समोरचं दिसतं."

घरी आल्यावर मधलीने नकाशाची घडी घातली आणि जाहीर केलं, "आईला आठवलं. पश्चिमेचं पठार."

"बघ!" धाकटी म्हणाली. "धबधबा!"

"पण किल्ला?" दादा म्हणाला. "आणि ऊन?"

"पडला असेल किल्ला."

"किल्ले असे पडतात?"

"दादा, आई म्हणतेय पश्चिमेचं. तू आईपेक्षा मोठा आहेस का?" मधलीने पोरांना बसमध्ये गप्प करायचा आवाज काढला. दादा गप्प झाला, पण त्याच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. मधली आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी धडधडीत खोटं बोलली होती, आणि तिच्या लक्षात आलं की बाबांना हे दर वर्षी करावं लागलं असेल.

निघाले त्या दिवशी आई पुढे, दोघं मागे. गाव मागे पडलं, शेतं मागे पडली आणि खरी चढण लागली. कानांना खरंच दडे बसले. मागे पडदे उघडे होते, पण बाहेर बघतो कोण? दोघांचं आपलं चालूच होतं. हा रस्ता तो नव्हे. हाच तो. तेव्हा एवढी वळणं नव्हती. तेव्हा जास्त होती.

फाटकावर एक तरुण पहारेकरीण आली. "नमस्कार. किती जण आहात?" तिने इतक्या गोड आवाजात विचारलं की मागे एकदम शांतता पसरली.

"गेली ती मजा," धाकटी पुटपुटली.

आईने खिडकीची काच खाली केली आणि अगदी नरमाईने म्हणाली, "चार डोकी, साहेब. पठार बघायचंय."

मागची दोघं खो खो हसली. बाबांचं वाक्य बरोबर बाबांच्या चालीवर! मधलीला मात्र समोरचा रस्ता क्षणभर धूसर दिसला.

वर पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. झाडी संपली आणि एकदम सगळं मोकळं झालं. गवत, मग लांबवर पुन्हा जंगल, त्याच्या पलीकडे निळी रेघ आणि त्यावर नुसतं आभाळ. वारा गाडीला ढकलत होता. कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता.

दादा उतरला, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघून आला. "हे ते नाही," तो म्हणाला. "मी शपथेवर सांगतो. ही जागा मी कधीच बघितलेली नाही."

"मलाही नाही वाटत," धाकटी हळू आवाजात म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "एवढं मोठं नव्हतं ते. आपलं लहान होतं, बसायला बरं."

मधलीने दोघांकडे बघितलंच नाही. ती आईला धरून उतरवत होती. आईने जमिनीवर पाय टेकले, मधलीचा हात सोडला आणि चार पावलं पुढे गेली. मग उभी राहिली आणि बघायला लागली. डाव्या टोकापासून सुरुवात केली. मान अगदी थोडी थोडी वळवत, एक तुकडा बघून झाला की पुढचा, मध्ये काही सुटलंय असं वाटलं की पुन्हा मागे. दोघं मागे काहीबाही बोलत होती, तीही गप्प झाली. उजव्या टोकाला पोचायला आईला खूप वेळ लागला.

मग ती तिघांकडे वळली.

"हेच ते," आई म्हणाली. "तुम्ही सांगायचात ना, अगदी तस्संच आहे."

"आम्ही सांगायचो म्हणजे?" दादा गोंधळून म्हणाला. "तू होतीस की बरोबर."

 आई पुन्हा डाव्या टोकापासून बघायला लागली होती. मधली गाडीत चढली, शेगडी कशी पेटवतात ते आठवेना, म्हणून नुसतीच तिच्यापुढे उभी राहिली.